वाट पाहणं आणि धरून चालणं

(पळसदरी इथे सरांच्या स्मृतिदिनी दिलेलं व्याख्यान)



सरांनी सांगून ठेवलं होतं की, माझ्या नावाचा फलक लावू नका; आठवण काढावीशी वाटली तर एखाद्या शब्दावर तासभर बोला. म्हणून आज मीही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे. समोर बसलेल्या बहुतेकांनी त्यांच्याकडे इंग्रजीचे धडे गिरवले आहेत. तुम्हाला तेवढं नाव पुरेल.

शब्द कोणता निवडावा, हा प्रश्न मला पडला नाही. तो सरांनीच मला दिला होता, इथल्याच स्टेशनच्या बाकावर. नोकरीसाठी मी पहिला अर्ज लिहिला होता आणि टपालात टाकण्याआधी त्यांना दाखवायला आणला होता. खोपोली लोकलला अवकाश होता. अर्जाच्या शेवटी मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग युवर फेवरेबल रिप्लाय.’ सरांनी पेन्सिलीनं ‘एक्स्पेक्टिंग’भोवती गोल केला आणि म्हणाले, “अरे, ज्यांच्या दारात मागायला चाललास, त्यांनाच दम भरतोस?”

मला काही कळेना. एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा करणं, आणि अपेक्षा करण्यात दम कसला? मग त्यांनी अर्जाचं पाकीट उलटं केलं, दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने पाडले. पहिल्यावर लिहिलं ‘हवं’, दुसऱ्यावर ‘होईल’, तिसऱ्यावर ‘केलं’. “उद्याबद्दल बोलणारं कुठलंही क्रियापद घे,” ते म्हणाले, “आणि ते यातल्या कुठल्या रकान्यात बसतं ते बघ. रकाना चुकला की वाक्य चुकतं. कधी कधी माणूसही चुकतो.”

आज मी ते तीन रकाने पुन्हा मांडणार आहे.

एकच गोष्ट घेऊ, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पाऊस. इंग्रजीत ‘आय होप इट रेन्स’ म्हटलं की बोलणाऱ्याला पाऊस हवा आहे. तो पडेल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘आय एक्स्पेक्ट रेन’ म्हटलं की पाऊस पडेल असं त्याला वाटतं आहे. तो त्याला हवा असेल किंवा नसेल. लग्नाचा मांडव घातलेला माणूसही हेच वाक्य बोलू शकतो. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु द रेन’मध्ये दोन्ही एकत्र येतात: पाऊस येणार हे ठाऊक आहे, आणि त्याच्या नुसत्या विचारानं मन फुलतं आहे. उरलं ‘अँटिसिपेट’. काटेकोर इंग्रजीत ‘आय अँटिसिपेटेड द रेन’ म्हणजे पाऊस येणार हे ओळखून मी आधीच काहीतरी करून ठेवलं. पेंढा आत घेतला, कौलं चाळून घेतली. आज पुष्कळ इंग्रज माणसंसुद्धा हा शब्द एक्स्पेक्टच्या जागी सर्रास वापरतात, आणि भाषेची काळजी वाहणारे जाणकार त्यावर गेली कित्येक दशकं हळहळत आले आहेत. सरही हळहळत. कारण हा शब्द ढिला पडला की तिसरा रकानाच रिकामा होतो.

आता हीच चार वाक्यं मराठीत म्हणून पाहा. पाऊस पडावा. पाऊस पडेल. पावसाचे वेध लागलेत. पाऊस येणार हे धरून पेंढा आत घेतला.

यातल्या पहिल्या दोन वाक्यांमध्ये एकही नवा शब्द लागला नाही. इंग्रजी ज्यासाठी दोन वेगळी क्रियापदं खर्च करते, ते आपण क्रियापदाच्या शेपटावर भागवतो. ‘पडावा’ म्हटलं की इच्छा आली, ‘पडेल’ म्हटलं की अंदाज आला, आणि ‘पडणार’ म्हटलं की खात्री आली. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या बाईंना विचारा. ‘गाडी येईल’ आणि ‘गाडी येणार’ यांतला फरक त्यांना कुठल्याही व्याकरणकाराइतकाच कळतो. ‘येईल’ ऐकलं की त्या पिशवी खाली ठेवतात, ‘येणार’ ऐकलं की उचलतात.

‘वेध लागणं’ हा तर आपल्या भाषेचा दागिना आहे. ग्रहण लागण्याआधीच्या काळाला आपण वेध म्हणतो. ग्रहण अजून लागलेलं नसतं, पण घरातली वागणूक बदललेली असते. तोच शब्द आपण गणपतीला लावला, सुट्टीला लावला, माहेरी जाण्याला लावला. येणाऱ्या गोष्टीची सावली आजच्या दिवसावर पडते, हे सांगायला याहून नेमका शब्द मला कुठल्याच भाषेत दिसलेला नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’ शिकवताना सर याच वाटेनं जात. मुलं हमखास ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहीत. सर म्हणत, “हा ‘टू’ म्हणजे आपला ‘कडे’ आहे. तुला भेटण्याकडे डोळे लागलेत, असं आपण म्हणतो ना? ‘भेटण्याकडे’, तसं ‘टु मीटिंग’.” वर्गातली चूक तिथेच संपायची. परका नियम त्यांनी आपल्याच घरातल्या प्रत्ययाला बांधून दिला होता.

मग ‘अपेक्षा’ कुठे बसते?

या शब्दाची जडणघडण पाहिली तर नवल वाटतं. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. त्याला ‘प्रति’ लागला की प्रतीक्षा, ‘परि’ लागला की परीक्षा, ‘उप’ लागला की उपेक्षा, आणि ‘अप’ लागला की अपेक्षा: दूरवर नजर लावणं. इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचेही दोन तुकडे असेच आहेत. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पेक्टारे’ म्हणजे पाहणं. ‘अवेट’ची नाळ पहारा ठेवण्याशी, म्हणजे ‘वॉच’शी जुळते. हिंदीतल्या ‘इंतजार’च्या मुळाशी तर आपली ‘नजर’च आहे. आणि आपण वाट ‘पाहतो’. दूरदूरच्या भाषांना एकच उत्तर सापडलं: जे अजून आलेलं नाही, त्याच्याकडे माणूस डोळ्यांनी जातो.

पण पुढे वाटा फुटल्या. इंग्रजी एक्स्पेक्टमधली इच्छा पुष्कळशी झडून गेली आणि ‘होईल’ एवढंच उरलं. ज्याच्यावर आपला अधिकार चालतो त्याच्याशी बोलताना मात्र तोच शब्द हुकूम होतो. मी अर्जात नेमकं तेच करून बसलो होतो. मराठी अपेक्षेत इच्छा आणि हक्क दोन्ही टिकून राहिले. मुलाकडून अपेक्षा असते, सरकारकडून अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही की अपेक्षाभंग होतो. ‘त्याच्यापेक्षा हा बरा’ यातला ‘पेक्षा’ही या अपेक्षेचाच उरलेला तुकडा आहे. मनात एक माप धरायचं आणि समोरच्याला त्याच्याशी ताडून पाहायचं, हा तिचा स्वभाव आहे.

म्हणून एक्स्पेक्टच्या जागी डोळे मिटून अपेक्षा ठेवली की काय होतं, ते आपण बातम्यांत रोज वाचतो. ‘वादळ किनाऱ्यावर धडकण्याची अपेक्षा आहे.’ ‘मृतांचा आकडा वाढण्याची अपेक्षा आहे.’ लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मराठी कानाला हे वाक्य काय सांगतं? आकडा वाढावा, असं कुणाला तरी वाटतं आहे. तिथे ‘शक्यता’ हवी, किंवा ‘भीती’ हवी. दुसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्या रकान्यात पडली आणि वाक्य क्रूर झालं. हे फक्त शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. ज्यांच्या घरचं माणूस ढिगाऱ्याखाली आहे, ते हे वाक्य वाचत असतात.

आता तिसऱ्या रकान्याकडे येतो. त्यासाठी आपल्याला या सभागृहातून फार लांब जायचं नाही. पळसदरी हा बोर घाटाचा पायथा आहे. मुंबईकडून आलेला रूळ १८५६ मध्ये खोपोलीला पोचला. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पुरा झाला नव्हता. तोवर प्रवासी खाली उतरून घाट रस्त्यानं चढत आणि वर पुन्हा गाडीत बसत. घाटातला सर्वांत कठीण चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात ती याचसाठी, आणि ती लागताना प्लॅटफॉर्मवर वडापाव घेतला नाही असा प्रवासी विरळा.

चढतानाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला उतरतानाची सांगायची आहे. खाली येणारी गाडी घाटात ठरलेल्या जागी थांबते. बाहेर स्टेशन नसतं, गाव नसतं. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे, एवढंच असतं. ती का थांबते? तिथे मुख्य मार्गाला एक फाटा फुटतो, त्याला कॅच साइडिंग म्हणतात. हा फाटा डोंगराच्या चढावर जातो आणि तिथेच संपतो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की तिथला सांधा एरवी मुख्य मार्गाला जोडलेला नसतो. तो या फाट्याला जोडलेला असतो. गाडी येऊन थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे तिनं स्वतः दाखवून दिलं, की मग सांधा फिरतो आणि तिला खालची वाट मिळते. जी थांबू शकली नाही, ती आपोआप चढावर जाते आणि तिथे तिचा वेग मरतो.

सरांनी मला हे खिडकीतून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, “रेल्वेची अपेक्षा काय आहे?” मी म्हटलं, “गाडी थांबेल, ही.” “आणि सांधा कुणीकडे आहे?” “थांबणार नाही, त्या बाजूला.” ते म्हणाले, “हे अँटिसिपेशन. हजारातल्या हजार गाड्या थांबतील असं वाटत असूनही, एक थांबणार नाही हे धरून चालायचं.”

धरून चालायचं. त्या दिवशी तो शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला, आणि मला तो कितीतरी वर्षांनी पुरता उलगडला. अँटिसिपेटचे लॅटिन तुकडे ‘आधी’ आणि ‘धरणं’ असे आहेत. आणि आपल्याकडे बाजाराला निघालेली कुठलीही आई म्हणते, “गाडी उशिरा येणार हे धरून चाला.” शब्दकोशात अँटिसिपेटसमोर भले जड शब्द असोत, जिभेवरचा मराठी शब्द हा आहे. इथे इंग्रजीनं डोळे सोडले आणि हात घेतला. मराठीनंही तेच केलं. आणि मराठीनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं: धरून नुसतं बसायचं नाही, चालायचं. याचाच एक आळशी भाऊ आहे, ‘गृहीत धरणं’. धरणं तिथेही आहे, पण पाय हलत नाहीत. सांधा फाट्याकडे ठेवणं हे धरून चालणं झालं. ‘ब्रेक लागतातच की’ म्हणून तो मुख्य मार्गाकडे ठेवणं हे गृहीत धरणं झालं.

सिग्नलचंही असंच आहे. पिवळा दिसला तर चालक गाडी तिथेच थांबवत नाही. पुढचा लाल असेल हे धरून तो वेग आवरतो. त्या रंगाचा अर्थच मुळी ‘तयारीत राहा’ असा आहे.

रंगांचा विषय निघाला तर हवामान खात्याकडे वळू. १८७५ साली स्थापन झालेलं हे खातं आता इशारे चार रंगांत देतं. हिरव्यात इशारा नाही. पिवळ्याचा मूळ शब्द ‘वॉच’: लक्ष ठेवा. नारिंगीचा ‘अलर्ट’: तयारीत राहा. लालचा ‘वॉर्निंग’: आता कृती करा. तीन रंग, तीन वेगळी क्रियापदं. आपल्या बातम्यांत मात्र यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट असं होतं. क्रियापदं गळून जातात आणि एकच ‘अलर्ट’ तीन कपडे घालून येतो. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की पाऊस कमी, जास्त किंवा फार जास्त आहे. आपण काय करायचं, हे त्यात उरत नाही. ‘लक्ष ठेवा’, ‘तयारीत राहा’, ‘हला’ असे साधे मराठी शब्द रंगासोबत सांगितले, तर वाडीवरच्या आजीलाही कळेल.

‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानाला लावला तो रॉबर्ट फिट्झरॉय या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यानं बंदरांवर वादळाच्या खुणा चढवण्याची व्यवस्था उभी केली, आणि १८६१ पासून त्याचे हवामान अंदाज लंडनच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागले. आपण भाकीत सांगत नाही, असं त्याचं आग्रहाचं म्हणणं होतं. मोजमापांवरून काढलेल्या मताला त्यानं मुद्दाम वेगळा शब्द दिला. मला त्याच्या बंदरावरच्या खुणा जास्त मोलाच्या वाटतात. अंदाज कागदावर राहिला नाही. तो खांबावर चढला, आणि तो पाहून नावा किनाऱ्यावर थांबू शकल्या.

आता जे बोलायचं आहे ते जड आहे, आणि या भागात बोलताना ते टाळणं मला बरोबर वाटत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर समाजाची वाडी. गाडीरस्ता नाही, मदतीला गेलेली माणसं अंधारात, पावसात, चिखलातून चढून गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आपल्यापैकी अनेकांनी तो डोंगर लहानपणापासून आगगाडीतून पाहिला आहे.

त्यानंतर सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. मी कुणावर बोट ठेवायला उभा नाही. मी भाषेचा माणूस आहे, मी त्या वाक्याचा रकाना पाहतो. यादी ही दुसऱ्या रकान्यातली गोष्ट आहे: कुठे काय होईल याचा अंदाज. अंदाज चुकू शकतो. निसर्गापुढे तो कधीतरी चुकणारच. म्हणून तर तिसरा रकाना लागतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं होतं. २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यातलं, महाडजवळचं तळीये गेलं होतं. सह्याद्रीच्या उतारावरची वाडी आणि जुलैचा सलग पाऊस, ही जोडी आपल्याला ठाऊक होती. आपण सगळ्यांनी, शहरातल्यांनी आणि गावातल्यांनी, डोंगर आजवर थांबला तसाच थांबेल हे गृहीत धरलं. सांधा फाट्याकडे वळवलेला नव्हता.

धरून चालणं सुचायला परकी भाषा लागते असं नाही. हितोपदेशातल्या तीन माशांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. उद्या जाळं टाकायला येऊ, असं कोळी बोलून जातात. एक मासा त्याच वेळी दुसऱ्या तळ्यात निघून जातो. दुसरा जाळ्यात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन सुटतो. तिसरा ‘व्हायचं ते होईल’ म्हणत मरतो. त्यांची नावं पाहा. तिसरा यद्भविष्य, म्हणजे आपला ‘दे रे हरी खाटल्यावरी’. दुसरा प्रत्युत्पन्नमती, ऐन वेळी डोकं चालवणारा. आणि पहिला अनागतविधाता: जे अजून आलेलं नाही त्याची व्यवस्था आधी लावणारा. अँटिसिपेटला इतका पूर्ण अर्थाचा शब्द आपल्याकडे कधीचाच होता. आपण मात्र कौतुक करतो ते दुसऱ्या माशाचं. संकटात धावून जाणाऱ्यांचे सत्कार होतात, ते व्हावेतही. पण ज्यानं आधीच सांधा वळवून ठेवला आणि त्यामुळे काहीच घडलं नाही, त्याला हार घालायला कोण जातं? न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

तरीही ही भूमी अनागतविधात्यांची आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. आपल्याकडे मे महिना हा आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीचा महिना. अंगणात मिरच्या वाळतात, सुकट-बोंबील डब्यात भरले जातात, कांद्याच्या माळा आढ्याला चढतात, लाकूडफाटा पडवीत येतो, घर शाकारलं जातं. शेतात राब भाजून होतो. आणि काही शेतकरी धूळवाफेवर भात पेरतात. ते चित्र एकदा नीट पाहा. पायाखाली धूळ आहे, आभाळात ढग नाही, आणि माणूस मूठ सोडतो आहे. त्याला पाऊस हवा आहे, हा पहिला रकाना. तो येईल असं वाटतं आहे, हा दुसरा. आणि बी जमिनीत गेलं आहे, हा तिसरा. तिन्ही रकाने एका मुठीत आले. बाजूच्या झाडावर पावशा ओरडत असतो, आणि आपल्या माणसांनी त्या ओरडण्यात ऐकलं काय, तर ‘पेरते व्हा’. पाऊस येईल असं तो पक्षी सांगत नाही. तो कामाला लावतो.

याच कर्जत तालुक्यात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी काम केलं. माथेरानला १९१२ साली जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले भाई आपल्याला त्या शेवटच्या दिवसामुळे आठवतात. पण त्याआधी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या होत्या आणि सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या. घरातली आगोट त्यांनी गावाची केली. बेगमी हा त्यासाठीचा आपला शब्द. तो स्वयंपाकघरात अडकून पडला आहे. तो ग्रामपंचायतीत यायला हवा.

माझं मागणं छोटं आहे. दर वर्षी आगोटीच्या दिवसांत, घरची मिरची वाळत असताना, प्रत्येक वाडीच्या समाजमंदिरात एक फळा लावूया आणि त्यावर सरांच्या दोन रेघा मारूया. ‘हवं’ या रकान्यात काय लिहायचं ते आपल्याला सांगावं लागणार नाही. ‘होईल’मध्ये वाडीतल्या जाणत्यांनी लिहावं: यंदा कुठला झरा गढूळ झाला, कुठल्या बांधाला भेग पडली, कुठलं झाड कललं. आणि ‘केलं’मध्ये तेच लिहावं जे खरोखर झालं आहे. सलग पावसाच्या रात्री कुणी कुणाकडे झोपायला जायचं ते ठरलं. म्हाताऱ्यांना कोण उचलणार ते ठरलं. बॅटरी भरली, दोर आणला, शाळेची किल्ली कुणाकडे असेल ते ठरलं.

मला ती नोकरी मिळाली नाही. अर्ज मी सुधारून पाठवला होता, तरीही. पाकीट अर्जाबरोबर गेलं, पण त्यावरचे तीन रकाने मी आधी वहीत उतरवून घेतले होते. खाली सरांनी लिहायला लावलेल्या ओळी होत्या. पहिल्यात: नोकरी मिळावी. दुसऱ्यात: बहुतेक मिळणार नाही. तिसऱ्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. लोकल आली, आणि डब्यात चढता चढता सर म्हणाले, “तो भर. बाकीचे दोन आपोआप भरतात.”

दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन अर्ज लिहिले.